ओल कुठवर चढते?

पावसाळा संपून दीड महिना उलटला तरी आमच्या घरातली एक भिंत ओलीच होती. बोरिवली पूर्व, तळमजला, इमारत पस्तीस वर्षांची. स्वयंपाकघराच्या ओट्याखालून निघालेली ओल गुडघ्यापर्यंत येऊन थांबायची. जिथे ती थांबे तिथे रंगाचे पोपडे सुटत आणि खालून पांढरी भुकटी बाहेर येई. त्या भिंतीत पाण्याचा पाइप नाही, पलीकडे न्हाणीघर नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसांनी गिलावा खरवडला, आतल्या बाजूने वॉटरप्रूफ लेप दिला, वर रंग दिला. पुढच्या दिवाळीला ओल परत आली, आणि या वेळी ती पूर्वीपेक्षा वीतभर उंच होती.

ओल परत येणे मी समजू शकत होतो. लेप दिल्यावर ती वर का चढली, हे मात्र कळेना. त्या वीतभर उंचीचा माग काढताना शाळेतला केशाकर्षणाचा धडा पुन्हा उघडावा लागला. मग लक्षात आले की तो धडा घाटकोपरच्या टेकडीवर, मुलुंडच्या मिठागरांत, राष्ट्रीय उद्यानातल्या सागांत आणि पवईच्या प्रयोगशाळेतही चालू आहे. या सगळ्या ठिकाणी त्याबद्दल काय कळले आहे आणि काय अजून नीट कळलेले नाही, त्याचा हा आढावा.

मूळ गोष्ट थोडक्यात अशी. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात. आतल्या कणाला सगळीकडून सारखी ओढ असते. पृष्ठभागावरच्या कणाला वरच्या बाजूने सोबती नसतात. म्हणून पृष्ठभाग ताणलेल्या पापुद्र्यासारखा वागतो आणि शक्य तितका आक्रसतो. हा पृष्ठताण. २० अंश सेल्सिअसला पाण्यासाठी तो दर मीटर लांबीमागे सुमारे ०.०७३ न्यूटन भरतो, अल्कोहोलसाठी त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, पाऱ्यासाठी सहापटींहून जास्त. पाण्याला काचेची ओढ स्वतःच्या कणांइतकीच किंवा जास्त असते, म्हणून ते काचेला चिकटत वर सरकते, त्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो आणि त्या खोलगटपणामुळे खालचे पाणी वर खेचले जाते. हेच केशाकर्षण. पाऱ्याला काच नको असते; तो नळीत फुगतो आणि खाली दबतो.

नळी जितकी बारीक तितकी चढण जास्त. शुद्ध पाणी आणि स्वच्छ काच धरली तर १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी जेमतेम १५ मिलिमीटर चढते. त्रिज्या दहा पटींनी कमी केली की १५ सेंटीमीटर. आणखी दहा पटींनी कमी केली की दीड मीटर. त्रिज्या मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रॉन झाली, तर हिशेबाने पाणी पाच मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत पोचायला हवे. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा, कारण विटांमधली कितीतरी छिद्रे याच मापाची असतात आणि तरीही कुणाच्याही घरात ओल तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर गेलेली नाही.

हा हिशेब तीनशे वर्षे जुना आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रान्सिस हॉक्सबी याने नळ्यांचे प्रयोग करून दाखवले. हवा काढून घेतलेल्या भांड्यातही पाणी तसेच चढते, म्हणजे हवेच्या दाबाचा यात हात नाही. नळीची काच जाड असो वा पातळ, उंची तीच, म्हणजे काचेची जी ओढ आहे ती अगदी आतल्या थरापुरती आहे. पुढे १७१८ मध्ये जेम्स ज्युरिन या वैद्याने उंची आणि व्यास यांचे व्यस्त प्रमाण मांडले. ज्युरिनच्या प्रयोगांतली दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांत हरवते, आणि मला ती पहिलीपेक्षा मोलाची वाटते. त्याने खाली रुंद आणि वर अरुंद अशी नळी घेतली, ती आधी भरून मग सोडली. पाण्याचा स्तंभ किती उंच टिकेल हे फक्त त्याच्या वरच्या टोकाशी नळी किती अरुंद आहे त्यावरच ठरले. खालची रुंदी गौण ठरली. झाडांचे सगळे कोडे पुढे याच निरीक्षणाने सुटणार होते.

१८०५ मध्ये थॉमस यंगने स्पर्शकोनाची, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग भिंतीला ज्या कोनात भेटतो त्याची, कल्पना मांडली आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये लाप्लासने वक्र पृष्ठभागाच्या दोन बाजूंच्या दाबांमधल्या फरकाचे गणित पूर्ण केले. तिथून हा विषय भौतिकशास्त्राची तालीमच बनला. आइन्स्टाइनचा पहिला प्रसिद्ध झालेला शोधनिबंध १९०१ चा, वयाच्या बाविसाव्या वर्षी लिहिलेला, आणि तो केशाकर्षणावरच आहे. सी. व्ही. रामन यांच्या अगदी आरंभीच्या निबंधांपैकी एक, १९०७ साली 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आलेला, द्रवाच्या पृष्ठभागाच्या वक्रतेवरून पृष्ठताण मोजण्याची पद्धत सांगतो. आज बारावीचा विद्यार्थी केशनलिका आणि सूक्ष्मदर्शक घेऊन प्रयोगवहीत जे माप लिहितो, त्यामागे अशी मोठी माणसे उभी आहेत.

उंचीचे उत्तर मिळाले, वेळेचे राहिले. ते १९१८ मध्ये लुकास आणि १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी दिले. पाणी जितके पुढे जाते तितकी मागची भिजलेली वाट लांब होते आणि घर्षण वाढते. म्हणून दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. पहिला सेंटीमीटर एका मिनिटात कापला असेल, तर गुरुत्व आणि बाष्पीभवन बाजूला ठेवूनही एक मीटर गाठायला सुमारे सात दिवस जातात. समईची वात तेलाच्या पातळीपेक्षा फार वर काढली की ज्योत मंदावते, तेही यामुळेच: तेल दाट, वाट लांब, आणि ज्योतीची भूक भागेल इतक्या वेगाने पुरवठा होत नाही.

आता भिंतीकडे येतो, कारण उपनगरातल्या बहुतेक वाचकांना हा विषय तिथेच भेटतो.

आपल्याकडे कुठल्याही ओल्या डागाला 'लीकेज' म्हणायची सवय आहे. त्या एका शब्दात तीन निरनिराळी दुखणी गुंडाळली जातात आणि औषध चुकते. एक, वरून किंवा पाइपातून येणारे पाणी. हे दाबाने किंवा वजनाने वाहते, मे महिन्यातही दिसते आणि सोसायटीतली बहुतेक भांडणे याचीच असतात. दोन, बाहेरच्या भिंतीतून पावसात येणारे पाणी. तीन, जमिनीतून भिंतीत चढणारी ओल. पहिल्यात केशाकर्षणाचा वाटा थोडा. दुसऱ्यात बराच. तिसऱ्यात जवळजवळ पूर्ण.

बाहेरच्या भिंतीचे उदाहरण घ्या. प्लॅस्टरला केसाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी भेग गेली असेल, तर तिच्यात पाणी आपोआप सुमारे १५ सेंटीमीटर चढू शकते. आडवे आत जायला तर गुरुत्वाचाही अडथळा नाही. पाच मिलिमीटर रुंद भेगेत ही ओढ जेमतेम तीन मिलिमीटरची उरते. रुंद भेगेतून पाणी पडते, बारीक भेगेतून ते चालत जाते. म्हणून अंधेरीच्या समुद्राकडच्या बाजूच्या इमारतींत, जिथे नैऋत्येचा वारा पावसाचे पाणी भिंतीवर आपटतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा जास्त छळतात. छज्ज्याच्या खालच्या कडेने जुने गवंडी एक लांब खाच पाडत. पाणी पृष्ठताणाने छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत सरपटत येते. खाच आली की त्याला वळता येत नाही, थेंब होऊन ते खाली पडते. दोन बोटांच्या त्या खाचेला खर्च काहीच नाही. नव्या इमारतींत ती पुष्कळदा दिसत नाही, आणि दुरुस्तीत प्लॅस्टर करताना जुन्या इमारतींतलीही बुजवली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीबद्दल जाणकारांतच वाद झालेला आहे. ब्रिटनमध्ये जेफ हॉवेल यांनी २००८ मध्ये एक आख्खे पुस्तक लिहून सांगितले की चढती ओल ही बव्हंशी दंतकथा आहे. बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो आणि रसायने टोचून डीपीसी, म्हणजे भिंतीत ओल अडवणारा थर, करून देणाऱ्यांचा धंदा मात्र तिच्या नावावर चालतो. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी ख्रिस्तोफर हॉल आणि विल्यम हॉफ यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जे गणित मांडले, ते मला अधिक पटते. त्यांच्या मांडणीत ओल जिथे थांबते ती जागा छिद्राच्या त्रिज्येवरून ठरत नाही. भिंत पायातून पाणी शोषते आणि भिजलेल्या अंगावरून ते हवेत उडते. ओल जितकी चढेल तितके भिजलेले अंग वाढते, तितके जास्त पाणी उडते. शोषण आणि उडणे जिथे बरोबरीला येतात तिथे रेघ थांबते. पाचव्या मजल्याचा तो भाकड आकडा इथे निकालात निघतो: छिद्रांत ताकद असते, पण वाटेत पाणी उडून जाते.

या हिशेबाचे परिणाम फार कामाचे आहेत. भिंत जाड असेल तर ओल उंच. बाष्पीभवन चौथ्या हिश्श्यावर आले तर ओल दुप्पट. आणि भिंतीच्या दोन बाजूंपैकी एक बाजू लेपाने बंद केली तर बाष्पीभवन निम्मे होते आणि उंची साधारण १.४ पट वाढते. आमची ओल आधी जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर होती. त्याच्या १.४ पट म्हणजे ७०. माझी वीत २१ सेंटीमीटरची आहे. तो हिशेब कागदावर मांडला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या भिंतीसमोर बसून होतो. लेपाने पाणी अडवले नव्हते. त्याने फक्त पाण्याची बाहेर जायची वाट बंद केली होती.

मुंबईत या गणितावर हवामानही बसते. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो, आणि त्या काळात हवाच इतकी दमट असते की भिंतीतून पाणी उडणे जवळपास थांबते. पायाशी पाणी मुबलक, वर उडायला वाव नाही. म्हणून ओल जून ते सप्टेंबर चढत राहते आणि ऑक्टोबरच्या उन्हातही लगेच उतरत नाही.

शिवाय मीठ. चढणारे पाणी जमिनीतले आणि विटांतले क्षार घेऊन येते, पाणी उडते आणि क्षार रेघेपाशी साठतात. गावाकडे ज्याला लोणा म्हणतात तीच ही पांढरी भुकटी. तिचे स्फटिक छिद्रांत वाढताना प्लॅस्टरला आतून फोडतात. बांधकामात खाडीची रेती नीट न धुता वापरली गेली असेल तर घरात मीठ पहिल्या दिवसापासूनच असते. साध्या मिठाचा एक गुण इथे फार त्रास देतो: हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते. मुलुंड-भांडुप-कांजूरमार्गच्या मिठागरांत पावसाळा लागला की काम थांबते, आणि डब्यातल्या मिठाला पाणी सुटते हे घरोघरी माहीत आहे. खारावलेल्या भिंतीचेही तेच होते. जमिनीतून येणारे पाणी पूर्ण तोडले तरी ती दर पावसाळ्यात हवेनेच ओली होते. म्हणून खारावलेला गिलावा काढून टाकण्यावाचून इलाज नसतो. त्यावर रंग देणे म्हणजे पैसे भिंतीत जिरवणे.

हवेतून पाणी ओढण्याचा आणखी एक मार्ग मीठ नसतानाही चालू असतो. केल्विनने १८७१ मध्ये दाखवले की अतिशय बारीक छिद्रांत, खोलगट पृष्ठभागामुळे, हवा संपृक्त होण्याआधीच बाष्पाचे पाणी होते. मी मांडलेल्या हिशेबाप्रमाणे ८० टक्के आर्द्रतेला सुमारे ५ नॅनोमीटर त्रिज्येपर्यंतची छिद्रे भरतात, ९५ टक्क्यांना सुमारे २० नॅनोमीटरपर्यंतची. इतक्या सूक्ष्म पातळीवर हे समीकरण टिकते का, ही शंका शंभराहून अधिक वर्षे होती. २०२० च्या अखेरीस मँचेस्टरच्या आंद्रे गाइम यांच्या गटाने अणूंच्या थरांएवढ्या अरुंद फटी बनवून पाहिले, आणि समीकरण अनपेक्षितपणे चांगले टिकले.

काँक्रीटचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यातली छिद्रे आपण स्वतः तयार करतो. सिमेंटला जितके पाणी रासायनिक क्रियेसाठी लागते त्यापेक्षा जास्त घातले की उरलेले पाणी आपली जागा ठेवून जाते, आणि त्या जागा एकमेकींना जोडलेल्या केशनलिका होतात. अमेरिकेत टी. सी. पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मोजले की पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४ असेल तर सिमेंट जमत जाऊन तीन दिवसांत या वाटा तुटतात, ०.५ ला चौदा दिवस, ०.६ ला सहा महिने, ०.७ ला वर्षभर सतत ओलावा द्यावा लागतो. त्याच्या वर त्या कधीच तुटत नाहीत. आपल्या आयएस ४५६ या २००० सालच्या मानकात किनारी हवेतल्या लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी हे गुणोत्तर ०.४५ च्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. साइटवर माल घट्ट झाला म्हणून त्यात बादलीभर पाणी ओतले जाते, किंवा स्लॅबवर वाफे करून पाणी भरण्याचे काम चौथ्या दिवशी थांबते, तेव्हा वीस वर्षांनंतरच्या ओलीची वाट तिथेच आखली जाते. त्या वाटेने पाणी, खारी हवा आणि कार्बन डायऑक्साइड सळईपर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो, छताचे पोपडे पडतात. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब ने बंधनकारक केले आहे. त्या अहवालांत काँक्रीटची ताकद आणि भेगा पाहिल्या जातात. काँक्रीट पाणी किती वेगाने शोषते, याची स्वतंत्र चाचणीही उपलब्ध आहे. ती नेहमीच्या तपासणीचा भाग व्हायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

तळमजल्याचे उपनगरातले खरे दुखणे मात्र मला आमच्या अंगणात सापडले. जोत्याच्या उंचीवर, विटांच्या पहिल्या थराआधी, दाट काँक्रीटचा किंवा डांबराचा थर घालायची रीत आहे, तोच डीपीसी. त्याचे काम एकच, बारीक छिद्रांची वाट तोडणे. गावठाणांतली जुनी घरे, आंबोली असो की एक्सर, काळ्या घडीव दगडाच्या जोत्यावर उभी असत. तो दगडच ही वाट तोडायचा. आमच्या इमारतीलाही डीपीसी आहे. पण पस्तीस वर्षांत रस्ता दर डांबरीकरणाला वर आला, मग अंगणात पाणी तुंबू लागले म्हणून अंगण उचलले, त्यावर पेव्हर ब्लॉक बसले. डीपीसी आता जमिनीच्या पातळीखाली गाडली गेली आहे आणि ओली माती तिच्या डोक्यावरून थेट विटांना टेकली आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, कुठल्याही जुन्या सोसायटीत जाऊन बाहेरून पाहा: घराचा उंबरठा रस्त्यापेक्षा किती पायऱ्या वर होता आणि आता किती उरला आहे, यावरून तळमजल्यावरच्या ओलीचा बराच अंदाज येतो.

केशाकर्षणाची हीच ओढ टेकडीवर माणसांचे प्राण वाचवते, आणि घेतेही. जुहूच्या चौपाटीवर कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही, पाण्यात बुडालेल्या वाळूचाही नाही. किंचित ओल्या वाळूचाच होतो. दोन कणांच्या मध्ये पाण्याचा छोटा पूल तयार होतो, त्याचा खोलगट पृष्ठभाग कणांना जवळ खेचतो. उतारावरची अर्धवट ओली माती याच ओढीने उभी राहते. भूतांत्रिक अभियंते तिला शोषणदाब म्हणतात, आणि १९५९ मध्ये बिशपने तिला मातीच्या ताकदीच्या समीकरणात जागा दिली. तासन्‌तास पाऊस पडत राहिला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, खोलगट पृष्ठभाग नाहीसे होतात आणि ही ओढ जवळपास शून्य होते, नेमकी त्या वेळी जेव्हा मातीचे वजन सर्वात जास्त असते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, साकीनाक्याला दरडीखाली सत्तरच्या आसपास माणसे गाडली गेली. अशा दुर्घटनांमागे डोंगराचे तोडलेले पाय, अडलेले नाले आणि माणसांना राहायला दुसरी जागा नसणे ही मोठी कारणे असतात. केशाकर्षणाकडे बोट दाखवून ती झाकता येणार नाहीत. पण वर्षानुवर्षे उभा असलेला उतार नेमका त्याच तासाला का सुटतो, याचे उत्तर त्या लहान पुलांत आहे. म्हणूनच किती पाऊस पडला यासोबत माती किती भरली आहे हे मोजणे मोलाचे ठरते. त्यासाठीची साधी उपकरणे गेली कित्येक दशके शेतीतही वापरली जातात. टेकड्यांवरच्या वस्त्यांत ती बसवण्यावर खर्च झालाच पाहिजे.

झाडांच्या बाबतीत पाठ्यपुस्तकांनी आपली थोडी फसगत केली आहे. 'केशाकर्षणामुळे झाडात पाणी चढते' हे वाक्य शाळेत सर्रास शिकवले जाते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरांत वीस-पंचवीस मीटर उंचीची झाडे पुष्कळ आहेत. खोडातल्या पाणी नेणाऱ्या नळीची त्रिज्या ५० मायक्रॉन धरली तर चढण येते ३० सेंटीमीटर. तेवढ्यात बोन्सायही जगायचा नाही. डब्लिनचे डिक्सन आणि जॉली यांनी १८९० च्या दशकात खरे उत्तर मांडले, आणि त्यात ज्युरिनची वरची अरुंद नळी परत भेटते. खोडाची नळी रुंद असली तरी चालते. वरचे टोक आहे पानात, पेशींच्या भिंतींमधल्या नॅनोमीटर मापाच्या छिद्रांत. तिथून पाणी उडते, पृष्ठभाग खोलगट होतो आणि मुळापर्यंतचा अखंड स्तंभ दोरीसारखा ताणला जातो. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात वेगळे मत मांडले होते: खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन करून पाणी ढकलतात. त्याआधीच स्ट्रासबर्गरने विषारी द्रावण शोषलेल्या, पेशी मेलेल्या खोडातूनही पाणी चढत राहते हे दाखवले होते. पुढचा पुरावा डिक्सनच्या बाजूने जमत गेला. बोसांचे उत्तर टिकले नाही, तरी पाणी ताणले जाऊ शकते हे मानायला ते तयार नव्हते ही अडचण खरी होती. ती कित्येक शास्त्रज्ञांना पुढेही अडवत राहिली.

ताण खरोखर आहे याचा सर्वात लखलखीत पुरावा खारफुटीने दिला. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी ओढायचे तर सुमारे २५ वातावरणांहून अधिक ताण लागतो. पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये खारफुटीत उणे ३५ ते उणे ६० वातावरणांचा दाब मोजला. ठाण्याच्या खाडीकाठी, ऐरोली पुलावरून मुलुंडकडे येताना दिसणारी तिवराची झाडे दिवसभर हे काम करतात, आवाज न करता.

पवईच्या आयआयटीत, याच उपनगरांच्या मधोमध, या विषयाच्या दोन वेगळ्या टोकांवर काम झाले आहे. महेश तिरुमकुडुलू आणि प्रिन्स्टनचे विल्यम रसेल यांनी २००५ मध्ये सुकणाऱ्या लेटेक्सच्या थराला भेगा का जातात हे तपासले. कणांच्या मधले पाणी उडताना खोलगट पृष्ठभागांचा दाब कणांना आवळतो, पृष्ठाला चिकटलेला थर आक्रसू शकत नाही, मग तो फाटतो. मिठागराच्या कडेचा सुकलेला चिखल आणि भिंतीवरचा जाड रंग एकाच कारणाने तडकतात. दुसरे काम करोनाच्या वर्षातले. अमित अग्रवाल, रजनीश भारद्वाज आणि सहकाऱ्यांनी २०२१ च्या सुरुवातीला दाखवले की कागद आणि कापडावर विषाणू काच किंवा स्टीलपेक्षा लवकर का संपतो: थेंब तंतूंमध्ये केशाकर्षणाने पसरतो, अतिशय पातळ थर उरतो आणि तो झपाट्याने सुकतो. त्याच साथीत घरोघरी पोचलेल्या अँटिजेन चाचणीच्या पट्टीतही पंप नव्हता, बॅटरी नव्हती; नमुना पट्टीच्या छिद्रांतून स्वतः चालत रेघेपर्यंत जात होता.

न सुटलेले बरेच आहे. पाणी, हवा आणि भिंत जिथे भेटतात ती रेषा प्रत्यक्षात पुढे कशी सरकते? १९७१ मध्ये ह आणि स्क्रिव्हन यांनी दाखवले की नेहमीच्या समीकरणांनी तिथे अनंत बल लागायला हवे, म्हणजे रेषा हलूच नये. ती हलते हे आपण रोज पाहतो. कणांच्या पातळीवर कुठेतरी घसरण होते हे मान्य झाले आहे, पण एकच सर्वमान्य नियम अजून नाही. पुढे जाताना आणि मागे येताना स्पर्शकोन वेगळा का पडतो, खडबडीत आणि खाऱ्या छिद्रांत तो किती धरावा, यावरही प्रत्येक प्रयोगशाळेची आपली उत्तरे आहेत. खरी भिंत तर या सगळ्यांपेक्षा अवघड. तिच्यात वीट आहे, सिमेंट आहे, मीठ आहे आणि पस्तीस पावसाळ्यांचा इतिहास आहे.

आम्ही शेवटी बाहेरचे पेव्हर ब्लॉक भिंतीपासून हातभर मागे घेतले, डीपीसी उघडी पडेल इतकी माती काढली आणि तिथे मोठी खडी भरली. मोठ्या खडीतल्या पोकळ्या रुंद असतात, त्यांतून पाणी वर ओढले जात नाही. आतून खारावलेला गिलावा मीटरभर उंचीपर्यंत उतरवला आणि श्वास घेऊ शकेल असा चुन्याचा गिलावा केला. लेप नाही, ऑइल पेंट नाही. ओलीची रेघ जिथे दिसते तिथे दर महिन्याला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहितो. नोव्हेंबरची खूण ६८ सेंटीमीटरवर होती. जानेवारीची ५१ वर. मार्चची ओट्याखाली गेली आहे, वाकून, टॉर्च लावून पाहावी लागते.